आढाव सिस्टरांची शेगडी

“दुरुस्त करा, पण जास्त सुधारू नका,” आढाव सिस्टर म्हणाल्या.

मी शेगडीच्या मागे गुडघ्यांवर बसून पाठीमागच्या पत्र्याचे स्क्रू काढत होतो. असं सांगणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. वय झालेल्या माणसांना आपल्या वस्तूत कुणी फार हात घातलेला आवडत नाही, त्यातलंच काही असेल असं समजून मी हो म्हटलं आणि कामाला लागलो.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. वाईतलं माझं दुरुस्तीचं दुकान तेव्हा नुकतंच लोकांना माहीत व्हायला लागलं होतं. टीव्ही, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, ज्याच्या पोटात म्हणून इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल ते मी उघडायचो. पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याने सिस्टरांना ‘वाईचे पिसाळ’ म्हणून माझं नाव सांगितलं, आणि जानेवारीतल्या एका दुपारी जेवून मी मोटरसायकलवर पसरणीचा घाट चढलो.

घर बाजारापासून लांब, सिल्व्हर ओकच्या झाडांत होतं. कौलारू, दोन खोल्यांचं, पुढे काचेची पडवी. दारावर पितळी पाटी, तिच्यावर दोन नावं: स. आढाव, वे. रामटेके. दार उघडलं ते आढाव सिस्टरांनी. पंचाहत्तरीच्या असतील. उंच, ताठ, पांढरी साडी, केस मागे घट्ट बांधलेले. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. इथल्या क्षयाच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केलेली, त्यातली शेवटची दहा मेट्रन म्हणून. एवढं सगळं मी बूट काढेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं आणि मग शेगडीकडे बोट दाखवलं.

शेगडी त्यांच्या भाच्याने कॅनडाहून पाठवली होती. लहान तिजोरीएवढी, बिडाची, समोर काचेचं दार. वरच्या पेटीत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या ओतायच्या. आतलं एक मळसूत्र त्या थोड्या थोड्या आगीत ढकलतं, एक पंखा धूर पाइपातून घराबाहेर फेकतो, दुसरा पंखा गरम हवा खोलीत सोडतो, आणि या सगळ्यांना हुकूम देणारा बोर्ड मागच्या पत्र्याआड बसलेला असतो. असली शेगडी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पण बोर्ड म्हणजे शेवटी बोर्डच.

तक्रार अशी होती की शेगडी पेटते, चाळीसेक मिनिटं चालते, मग लाल दिवा लुकलुकतो आणि विझते. नेमकी वेळ होत आली की बंद पडते, असं सिस्टर म्हणाल्या. कसली वेळ, ते मी विचारलं नाही.

बिघाड डोळ्यांनी पाहावा म्हणून मी शेगडी पेटवली आणि हातात मीटर घेऊन मागे बसलो. खिडक्या घट्ट बंद होत्या, फटींना कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. एक खिडकी जरा उघडू का म्हणून विचारलं तर सिस्टर नको म्हणाल्या. धुराच्या पंख्याचा आवाज मला बारीक वाटला. ज्वाळही आळसावलेली, पिवळी होती, काचेवर काजळी धरत होती. सिस्टर समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. नजर भिंतीवरच्या घड्याळावर, आणि उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्याच डाव्या मनगटावर.

अर्धा तास गेला. खोली उबदार झाली. इतकी, की माझे डोळे जड व्हायला लागले आणि कपाळाच्या आत काहीतरी ठणकायला लागलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून चादर झटकल्याचा आवाज आला. पलंगावर चादर अंथरताना ती हवेत फटकारतात, तसा. मग परत एकदा. पाटीवरच्या दुसऱ्या, रामटेके सिस्टर आत बिछाना घालत असतील, असं माझ्या मनात आलं. थोड्या वेळाने पावलं वाजली, त्यातली एक चप्पल किंचित फरफटणारी. ती आतल्या दारापाशी थांबली आणि घोगऱ्या, जरा हसऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं,

“साखर किती टाकू जी?”

“एकच चमचा,” मी मीटरवरची नजर न काढता म्हणालो. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या साडीचा काठ दिसला, एवढं मला पक्कं आठवतं.

बोर्डावर खट् झालं, लाल दिवा लुकलुकला, मळसूत्र थांबलं. त्याच क्षणी आढाव सिस्टर उठल्या आणि त्यांनी दोन्ही खिडक्या अन् पडवीचं दार सताड उघडलं. गार वारा थोबाडीत मारल्यासारखा आत आला. मी काय म्हणालो ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चहाचं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मला दंडाला धरून पडवीत नेलं, पाणी दिलं, माझं मनगट धरून पुरतं एक मिनिट नाडी मोजली. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, असं विचारलं. अर्धा तास झाल्याशिवाय मोटरसायकलला हात लावू दिला नाही. चहा काही आला नाही. साखर विचारून चहा विसरायचा म्हणजे काय, असं मला जरा वाटलंही. शेवटी बोर्ड काढून पिशवीत घातला आणि निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी थांबवून मी उलटी केली. घाईघाईने जेवण्याला दोष दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात बोर्ड भिंगाखाली घेतला. तीन गोष्टी सापडल्या. एका जोडाचं सोल्डर तडकलं होतं. बोर्ड तापला की तो तडा उघडायचा, म्हणून चाळीस मिनिटांचं गणित. धुराच्या पंख्याला वीज देणारा भाग अर्धमेला झाला होता, म्हणून पंखा रेंगाळत होता. तिसरी गोष्ट म्हणजे दोन टोकं जोडणारी एक इंचभर वायर, जी कारखान्यातली नव्हती. ती टोकं ज्या स्विचकडे जात होती त्याचं काम एकच. धूर बाहेर ओढला जातोय की नाही ते बघायचं, नसेल तर आग विझवायची. कुणीतरी वायर लावून त्या स्विचचं तोंडच बंद केलं होतं. धूर घरात शिरला तरी बोर्ड समजणार की सगळं ठीक आहे. मागच्या हिवाळ्यात शेगडी सारखी बंद पडत होती तेव्हा एका हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनने काढलेली ती पळवाट होती, हे मला नंतर समजलं.

जास्त सुधारू नका, हे सिस्टरांचं बोलणं आठवलं. पण अशी वायर ठेवणं म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा ठोकणं. मी सोल्डर पक्कं केलं, मेलेला भाग बदलला आणि ती वायर उपटून टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड परत बसवला. धुराचा पाइप उतरवून पाटीभर राख झाडली. शेगडी पेटली ती अशी की बघत राहावं. स्वच्छ, ताठ ज्वाळ, पंख्याचा एकसारखा आवाज. चाळीस मिनिटं झाली, तास झाला, सव्वा तास झाला. सिस्टर त्याच खुर्चीत, तशाच, मनगटावर बोटं ठेवून. मी शाबासकीची वाट बघत होतो. त्या मात्र आतल्या दाराकडे बघत होत्या.

काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, रामटेके सिस्टर कुठे बाहेर गेल्यात का. परवा त्यांनी मला चहाचं विचारलं, पण भेट काही झाली नाही.

सिस्टरांची बोटं मनगटावरून उचलली गेली.

मग त्यांनी मला सगळं सांगायला लावलं, रोग्याला विचारतात तसं, एकेक करून. आवाज कुठून आला, किती वेळाने आला, पाय कुठला फरफटत होता, शब्द नेमके काय होते. मी ते शब्द होते तसे सांगितले.

“‘जी’ म्हणाली?” त्यांनी विचारलं. “टाकू ‘जी’?”

“हो.”

“तुमच्या वाईला असं बोलतात?”

मी विचार केला. आमच्याकडे कुणी असं बोलत नाही. माझ्या घरात, दुकानात, नात्यागोत्यात कुणीच नाही. तसं मी म्हटलं.

“वेणू भंडाऱ्याची,” सिस्टर म्हणाल्या. “तीन वर्षं झाली तिला जाऊन.”

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी आतल्या दाराकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं, पलीकडे पलंगाची कड दिसत होती, तिच्यावर ताणून बसवलेली चादर. माझ्या हातांवर काटा उभा राहिला आणि शेगडीसमोर बसूनही तो जाईना.

सिस्टर शांतपणे सांगत होत्या. वेणू रामटेके आणि त्या एकाच वर्षी दवाखान्यात लागल्या. पहिल्यांदा नर्सेसच्या खोल्यांमध्ये, मग चौतीस वर्षं या घरात एकत्र राहिल्या. वेणूला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर ती चौदा महिने जगली, पाटीवर लिहून बोलत होती.

“तुम्ही परवा ऐकलंत ते काय होतं, मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी नर्स आहे, पिसाळ. भुतंखेतं मानत नाही. तो गॅस आहे.”

दवाखान्याच्या एका रखवालदाराने थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवली होती. तो, बायको आणि दोन मुलं. त्या चौघांना सिस्टरांनी स्वतः धुऊन, पुसून, कपडे घातले होते. चेहरे गुलाबी होते, नुकतेच खेळून आल्यासारखे. तेव्हापासून या गॅसला त्या ओळखून होत्या. मागच्या हिवाळ्यात इलेक्ट्रिशियन वायर लावून गेला त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांचं डोकं जड झालं, आतून चादर झटकल्याचा आवाज आला आणि वेणू दारात येऊन उभी राहिली. सिस्टर उठायला गेल्या आणि पडल्या. पडवीचं दार किलकिलं होतं म्हणून वाचल्या. शुद्धीवर आल्यावर हे कशामुळे झालं ते त्यांनी लगेच ताडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या.

त्यांनी टेबलाच्या खणातून कागदांची चळत काढून माझ्या हातात दिली. दवाखान्यात पलंगाच्या पायथ्याशी टांगतात ते तक्ते होते. दर पाच मिनिटांनी नाडी, लाल शाईचा ठिपका, ठिपके जोडणारी चढती रेघ. पस्तीस मिनिटं: डोके जड. चाळीस: चादर. पन्नास: वे. दारात. साठ: खिडकी उघडली. असे अठरा कागद, सुरेख बारीक अक्षरात. मग तो जोड तडकला आणि शेगडी चाळिसाव्या मिनिटाला बंद पडायला लागली. चादरीचा आवाज यायचा आणि आग विझायची. म्हणून मला बोलावणं आलं होतं. मी त्या दिवशी शेगडीला चिकटून बसलो होतो, त्यामुळे मला त्यांच्या आधी आणि जास्त बाधलं.

“माझ्याशी ती एकदाही बोलली नाही,” सिस्टर म्हणाल्या. “उभी राहते, बघते. मला वाटायचं, आता तिला आवाजच नाही. आणि तुमच्याशी पहिल्याच दिवशी बोलली. तिचा जुना आवाज. घोगरा ना?”

मी मान हलवली.

त्यांनी ती वायर परत लावायला सांगितलं. मी म्हटलं, मी लावणार नाही, तुमचा जीव जाईल. त्या म्हणाल्या, वर्षभरात गेला का? साठ मिनिटं झाली की मी खिडकी उघडते.

“यापुढे उघडाल?” मी विचारलं.

त्या गप्प राहिल्या. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जसं गप्प राहतं तशा. काचेच्या दारामागे आग एकसारखी जळत होती. तेव्हा मला उमगलं की चूक वायर लावणाऱ्याची जितकी, तितकीच माझी. वर्षभर या बाईने स्वतःला एक सीमा घालून घेतली होती आणि ती पाळली होती. वेणू बोलू शकते हे सांगून ती सीमा मी पुसून टाकली होती. आता त्या साठला उठणार नव्हत्या, सत्तरलाही नाही. ती बोलेपर्यंत बसणार होत्या.

त्या म्हणाल्या, तुम्ही नाही लावलीत तर दुसरा कुणी लावेल. तो इलेक्ट्रिशियन अजून त्याच हॉटेलात आहे. नाहीतर मीच लावीन, माझे हात कापत नाहीत.

मी शेगडी विझवली, ती निवल्यावर पत्रा काढला. इस्त्री तापते तशी माझी सोल्डरिंगची कांडी तापायला दोन मिनिटं लागली, त्या दोन मिनिटांत काय करायचं ते ठरवलं. बोर्डाच्या कडेला दोन रिकामी टोकं होती, कशालाच न जोडलेली, कारखान्याने पुढच्या कुठल्यातरी सोयीसाठी ठेवलेली. सिस्टर बॅटरी धरून माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी इंचभर वायर कापली आणि त्या दोन रिकाम्या टोकांवर जोडली. त्या टाके बघावेत तसं बघत राहिल्या आणि झाल्यावर एवढंच म्हणाल्या, नीट आहे.

मी पुन्हा पेटवून न दाखवताच निघालो. सबंध घाट उतरताना मला वाटत होतं की मी एका सरळ, खऱ्या माणसाला फसवून चाललोय.

आठव्या दिवशी दुकानात फोन आला. सव्वा तास बसले, कुणी आलं नाही, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, गोळ्या वेगळ्या असतील, त्यांच्यावरही असतं. असेल, त्या म्हणाल्या. आणि पुढच्या जानेवारीत शेगडी साफ करायला या, असं सांगून फोन ठेवला.

मी गेलो. त्यानंतर दर जानेवारीत जात राहिलो. पाइप झाडायचा, राख काढायची, आणि त्यांच्या नकळत बोर्ड बघून घ्यायचा की कुणी हात घातलेला नाही ना. काम झालं की त्या मला समोरच्या खुर्चीत बसवायच्या आणि वेणू काय म्हणाली ते परत सांगायला लावायच्या. नुसते शब्द त्यांना नको असायचे. आवाज हवा असायचा. मला नकला येत नाहीत, पण मी घसा जाड करून ते वाक्य म्हणायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एवढं झालं की उठून चहा टाकायच्या आणि शेगडीचा विषय संपायचा.

पहिली दोन वर्षं तो आवाज माझ्या कानात खरोखर होता. तिसऱ्या वर्षी घाट चढताना मी तो आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना. घोगरा होता एवढंच उरलं होतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी दहा मिनिटं उभा राहिलो. माणसाचा चेहरा विसरावा तसा तो गेला होता. मग मी माझ्या ओझर्ड्याच्या आत्याचा आवाज घेतला. तिचा घसा तंबाखूने बसलेला होता. त्या वर्षीही सिस्टरांनी डोळे मिटून ऐकलं, काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाही.

पाचव्या जानेवारीत गेलो तेव्हा त्या बऱ्याच वाळल्या होत्या, काठी घेऊन चालत होत्या. पुढे मे महिन्यात त्या गेल्या, पडण्याचं निमित्त होऊन, साताऱ्याच्या इस्पितळात. त्या दिवशी मात्र हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेगडी पेटलेली होती आणि खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. फटींच्या पट्ट्या केव्हाच काढून टाकलेल्या दिसल्या. मी ब्रश काढून पाइपाकडे वळलो तर त्या म्हणाल्या, “ती वायर कुठेच जोडलेली नाही, पिसाळ.”

मी ब्रश खाली ठेवला.

“पहिल्याच आठवड्यात कळलं. सव्वा तास बसले आणि नाडी बहात्तर. नाडी फसत नाही.”

मग दुसऱ्या कुणाला का बोलावलं नाही, असं मी विचारलं. बोलावणार होते, त्या म्हणाल्या. दोनदा त्या हॉटेलचा नंबर फिरवला आणि दोनदा ठेवला. मग जरा थांबून म्हणाल्या, “मी गेले असते, तर तिला ऐकलेला माणूस परत कशाला आला असता या घरी?”

मी राख काढली, पाइप झाडला, हात धुतले. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसलो, घसा जाड केला आणि ते वाक्य म्हणालो. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, नाडी मोजताना बघायच्या तशा.

“हा वेणूचा नाही,” त्या म्हणाल्या. “गेली दोन-तीन वर्षं नाही.”

मी मान खाली घातली. आत्याचं सांगून टाकावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. बाहेर सिल्व्हर ओकचा पाचोळा पडवीच्या काचेवर घासत होता. त्यांनी हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा एकदा बोला.”